मुरण्याचे भांडे

सफरचंदाच्या रसाचे साइडर करताना भांडे दोनदा निवडावे लागते. पहिली निवड थोडी चुकली तरी रस ती चूक पोटात घालतो; दुसरी चुकली, तर पाच-सहा महिने वाट पाहिल्यावर हाती शिरका येतो. मराठी स्वयंपाकघराला हा भेद अपरिचित नाही. कैरीचे लोणचे परातीत कालवले जाते आणि बरणीत मुरवले जाते. परात कसली होती याची चौकशी कोणी करत नाही, पण बरणी कोरडी होती का, तिला दादरा बांधला होता का, लोणच्यावर तेल आले होते का, हे मात्र विचारले जाते. 'भांडे' हा यंदाच्या अंकाचा विषय ठरल्यावर इंग्लंडच्या पश्चिम भागातील हेरफर्डशर, सॉमरसेट आणि डेव्हन या परगण्यांकडे वळणे सयुक्तिक ठरते, कारण घरच्या घरी साइडर करण्याची परंपरा तिथे इतकी जुनी आहे की बरणीचा हा प्रश्न दर हिवाळ्यात घरोघरी नव्याने सोडवला जातो.

ब्रिटनमध्ये 'साइडर' म्हणजे आंबवलेला, मद्यार्क असलेला रस. अमेरिकेत याच शब्दाने बहुधा न आंबवलेला गढूळ गोड रस ओळखला जातो, आणि त्यामुळे एका देशातली कृती दुसऱ्या देशात वाचताना गोंधळ होतो. पश्चिम इंग्लंडचे साइडर ज्या सफरचंदांचे होते, ती खाण्याची नव्हेतच. किंग्स्टन ब्लॅक, डॅबिनेट, यार्लिंग्टन मिल ही नावे असलेली ही फळे कच्ची चावली तर जीभ जाड होते, कारण त्यांत टॅनिन, म्हणजे चहात आणि सुपारीत असतो तो तुरटपणा देणारे द्रव्य, भरपूर असते. ब्रिस्टलजवळ १९०३ मध्ये सुरू झालेल्या आणि शंभर वर्षांनी, २००३ मध्ये बंद झालेल्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्राने आम्ल आणि टॅनिन या दोन मापांवर या फळांचे कडू-गोड, कडू-आंबट, आंबट आणि गोड असे चार वर्ग पाडले, आणि आजही बागवाले त्याच भाषेत बोलतात. ब्रिटनमध्ये स्वतःच्या घरी पिण्यासाठी साइडर करण्यास परवाना किंवा कर लागत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा मुळात मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ म्हणून आलेल्या कायद्याखाली गुन्हा आहे, एवढे इथल्या वाचकाने ध्यानात ठेवूनच पुढचा मजकूर वाचावा.

फसफसणे आणि मुरणे

सफरचंदे कुस्करून, चोथा दाबून काढलेला रस भांड्यात ओतला की यीस्ट, म्हणजे साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड सोडणारे सूक्ष्म जीव, दोन-चार दिवसांत कामाला लागतात. रसाच्या प्रत्येक लिटरमध्ये साधारण १०० ग्रॅम साखर धरली, तर तिच्यापासून सुमारे २५ लिटर वायू सुटतो. वीस लिटरच्या बादलीतून म्हणजे पाचशे लिटर. पहिल्या पंधरवड्यात हा वायू इतक्या जोराने वर येत असतो की बाहेरच्या हवेला आत शिरायला वावच मिळत नाही. म्हणूनच पहिल्या टप्प्याला झाकणाची रुंद बादली चालते. किंबहुना रुंदच हवी, कारण तपकिरी फेस वर चढतो आणि अरुंद तोंडाच्या बाटलीत तो बूच उडवून भिंतीवर जातो.

हा जोर ओसरला की चित्र बदलते. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता दाखवणारी तरंगती काचनळी, सुरुवातीला १.०५० च्या आसपास असते, ती १.०१० च्या खाली आली की बहुतेक साखर संपलेली असते, यीस्ट थकून तळाशी बसू लागलेले असते, आणि उरलेल्या साखरेतून लिटरमागे जेमतेम पाचेक लिटर वायू, तोही कित्येक आठवड्यांत रेंगाळत, सुटणार असतो. या वेळी वरची निवळ काढून, तळाचा साका मागे ठेवून, साइडर दुसऱ्या भांड्यात घेतात. इथून पुढच्या संथ काळाला दुय्यम किण्वन म्हणतात. नाव फसवे आहे, कारण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र येतात. उरलेल्या साखरेचे आंबणे ही त्यांतली पहिली. दुसरी अधिक नाजूक: ओइनोकॉकस नावाचे जिवाणू सफरचंदातील धारदार मॅलिक आम्लाचे दह्यात असते तशा मवाळ लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात आणि थोडा वायू सोडतात. हे जिवाणू थंडीत सुस्त असतात आणि हवा तापू लागली की जागे होतात. बागेत सफरचंदाला मोहर आला की तळघरातले साइडरही पुन्हा हलू लागते, हा खेडुतांचा जुना समज त्यामुळे अगदीच भाबडा ठरत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे बाटलीत मुद्दाम घडवलेले किण्वन, आणि त्याचे भांडे वेगळेच असते.

भांड्याच्या दृष्टीने या साऱ्याचा मथितार्थ एवढाच की ज्या वायूने पहिल्या टप्प्यात रसाचे रक्षण केले, तो आता पुरेसा उरलेला नसतो. त्याचे काम भांड्याने करायचे असते.

गळ्यापर्यंत

हेरफर्डशरमधल्या एखाद्या घराच्या मागच्या शेडमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीस पाहावे, तर फळे कुस्करण्याची धांदल संपलेली असते, चोथा डुकरांना किंवा खताच्या ढिगावर गेलेला असतो, आणि टेबलावर ठेवलेल्या बादलीतून जमिनीवरच्या काचेच्या बाटलीत एक पारदर्शक नळी उतरलेली असते. नळीचे वरचे टोक साक्याच्या दोन बोटे वर धरलेले असते आणि खालचे टोक बाटलीच्या तळाला टेकवलेले, जेणेकरून साइडर धार धरून न पडता तळातून वर चढावे; धार उंचावरून पडली की ती हवा ओढून नेते. बादली अर्धी झाली की तिच्याखाली एका बाजूने लाकडाची पाचर सरकवतात, तेही एकदम नव्हे तर साका ढवळू नये इतक्या सावकाश, आणि शेवटच्या दोन लिटरांसाठी माणूस श्वास रोखून नळीकडे पाहत राहतो, कारण नळीत पहिला गढूळ धागा दिसला की ती चिमटीत दाबायची असते.

खरी पंचाईत यानंतर होते. २३ लिटर रस घातलेल्या बादलीतून साका वजा जाता साधारण २१ लिटर निवळ निघते. घरात २३ लिटरची एक मोठी बाटली असेल तर ती दोन लिटरने रिकामी राहते. साडेचार लिटरच्या बाटल्या असतील तर चार भरून तीन लिटर उरते. अनुभवी माणसे अशा वेळी मोठ्या बाटलीच्या वाट्याला जात नाहीत. चार बाटल्या बुचाच्या दोन बोटे खालपर्यंत भरायच्या आणि उरलेले तीन लिटर सोडावॉटरच्या दीड-दीड लिटरच्या प्लास्टिक बाटल्यांत घालायचे, असा त्यांचा हिशेब असतो. तेवढ्यानेही पातळी गळ्याला पोचली नाही, तर काही जण धुऊन निर्जंतुक केलेल्या काचेच्या गोट्या एकेक करून आत सोडतात.

गळ्याचा हा आग्रह निव्वळ नीटनेटकेपणाचा नाही. साडेचार लिटरच्या बाटलीचा गळा आतून तीनेक सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे तिथे द्रवाचा सुमारे ७ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग उघडा राहतो. तेच साइडर खांद्याशी, सोळा सेंटिमीटर रुंदीवर थांबले, तर उघडा पृष्ठभाग २०० चौरस सेंटिमीटरच्या घरात जातो. एवढ्या मैदानावर ॲसिटोबॅक्टर, म्हणजे मद्यार्काचे शिरक्यात रूपांतर करणारे जिवाणू, आणि सायीसारखा पांढरा पापुद्रा धरणारी यीस्ट यांना हवेत बसून द्रव खाण्याची सोय होते.

मात्र इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाटलीत एक लिटर हवा कोंडली गेली, तर तिच्यात ऑक्सिजन भरतो एक-पंचमांश, वजनाने ३०० मिलिग्रॅमच्या आत. तो सगळाच्या सगळा शिरक्याकडे वळला तरी ॲसेटिक आम्ल अर्ध्या ग्रॅमच्या आसपास तयार होईल, आणि ते चार लिटरांत पसरले तर बहुतेकांच्या जिभेला कळणारही नाही. एकदा कोंडलेली हवा रंग थोडा गडद करते, वास थोडा मारते. साइडर बुडवते ती पुन्हापुन्हा येणारी हवा. दर आठवड्याला बूच काढून चव पाहणारा उत्साह, सैल बसलेले रबर, एअरलॉकमधले आटलेले पाणी, ही तिची दारे. एअरलॉक म्हणजे आतला वायू पाण्यातून बाहेर सोडणारी आणि बाहेरची हवा अडवणारी वाकडी नळी. पण जानेवारीत शेडचे तापमान उतरले की आतला द्रव आणि वायू दोन्ही आकसतात आणि नळी उलटी ओढू लागते. जितकी रिकामी जागा मोठी, तितकी ही ओढ मोठी. म्हणजे अर्धवट भरलेली बाटली केवळ हवा साठवत नाही, थंडी-उन्हाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ती श्वासही घेते.

भांडे कशाचे, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरतो. ते केवढे, हा पहिला. घरगुती साइडरच्या चर्चेत याच क्रमाची बहुधा उलटापालट झालेली असते.

काच, आणि तिची धार

छोट्या मापात काच सर्वांत सरस, हे मान्य करूनच पुढे जाता येते. काचेतून हवा झिरपत नाही, तिला वास धरत नाही, चरे पडत नाहीत, आणि आत काय चालले आहे ते दिसते. साका किती बसला, पृष्ठभागावर पापुद्रा आला का, वसंतात पुन्हा बुडबुड्यांची माळ वर चढू लागली का, हे झाकण न उघडता पाहता येणे हाच तिचा सर्वांत मोठा गुण, कारण त्यामुळे उघडण्याचा मोह टळतो. ब्रिटनमध्ये घरगुती वाइनची लाट येऊन गेली तेव्हा घेतलेल्या एका गॅलनच्या, म्हणजे साडेचार लिटरच्या, डेमिजॉन बाटल्या आजही माळ्यांवरून आणि जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानांतून निघत असतात. मोठ्या बाटलीला कारबॉय म्हणतात, आणि हा शब्द इंग्रजीत फारसीतून, गुलाबपाणी ठेवण्याच्या 'कराबा' या भांड्यावरून गेला. गोव्यात जुनी फेणी ज्या फुगीर काचेच्या पात्रांत ठेवत, त्या पोर्तुगीज नावाच्या गर्राफांवांचेही कूळ हेच: पोट मोठे आणि गळा अरुंद.

पण काच फुटते, आणि मोठी काच वाईट फुटते. २३ लिटरची काचेची बाटली भरल्यावर ३० किलोच्या आसपास जाते. ती ओल्या हातांनी, गळ्याला धरून, दगडी फरशीवरून उचलणे म्हणजे संकटाला बोलावणे धाडणे. डेमिजॉनच्या गळ्याशी कानासारख्या दोन लहान कड्या असतात, त्या भरलेली बाटली उचलण्यासाठी नसतात, हे अनेकांना कडी हातात आल्यावर कळते. थंड बाटलीत कढत पाणी ओतले तर तळ तबकडीसारखा सुटतो. जाणती माणसे मोठी बाटली भरण्याआधीच तिच्या कायमच्या जागी, कमरेएवढ्या उंचीच्या फळीवर, ठेवतात आणि नंतर ती हलवतच नाहीत: पुढच्या वेळी नळी लावायची तर उतार आधीच तयार असतो. प्रकाश लागू नये म्हणून तिला जुना स्वेटर चढवलेला असतो, आणि बाह्या लोंबणाऱ्या चार-पाच बाटल्या ओळीने उभ्या असलेले ते दृश्य जरा विनोदी दिसते.

विषारी सांधा

बाटलीचा विचार करताना डेव्हनकडे वळणे भाग आहे, कारण भांड्याच्या धातूने माणसे कशी मारली जातात याचा धडा तिथल्या साइडरने दिला. सतराव्या-अठराव्या शतकांत या परगण्यात पोटात असह्य कळा, घट्ट बद्धकोष्ठ आणि पुढे मनगटे लुळी पडणे अशा लक्षणांचा आजार इतका पसरला होता की त्याला 'डेव्हन कॉलिक', म्हणजे डेव्हनचा पोटशूळ, असे नावच पडले. साइडर फार आंबट असते म्हणून हा आजार होतो, असे मानले जात होते. डेव्हनमध्येच जन्मलेले वैद्य जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्ये एक साधा प्रश्न विचारला: हेरफर्डशरचे लोकही तेवढेच साइडर पितात, मग त्यांना हे का होत नाही? उत्तर भांड्यांत होते. डेव्हनच्या घाण्यांचे दगडी सांधे आणि दाबयंत्रांचे भाग शिशाने जोडलेले होते, हेरफर्डशरमध्ये ती रीत नव्हती. बेकर यांनी रासायनिक कसोटी लावून डेव्हनच्या साइडरमध्ये शिसे दाखवून दिले, हेरफर्डशरच्या साइडरमध्ये ते सापडले नाही. स्वतःच्या परगण्याच्या अभिमानाला हात घातल्याबद्दल त्यांना तिथे रोषही पत्करावा लागला.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. पश्चिम इंग्लंडच्या जुन्या बाजारात तपकिरी चकाकीचे मातीचे घडे आजही मिळतात, त्यांच्या लुकणात शिसे असू शकते, आणि साइडरसारखे आंबट द्रव्य महिनोन्‌महिने त्यात ठेवणे म्हणजे ते शिसे सावकाश विरघळवून घेणे. पितळेच्या भांड्यात ताक कळकते आणि म्हणून भांड्याला कल्हई लागते, हे ज्या घरांत ठाऊक होते तिथे हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही याच कारणाने बाद ठरते. लोखंड विषारी नाही, पण टॅनिनशी त्याची गाठ पडली की साइडर शाईसारखे काळपट होते. लोखंडी कढईत आवळा शिजवल्यावर जो रंग येतो, तोच हा.

प्लास्टिकची बदनामी

प्लास्टिकचे नाव काढताच साइडरप्रेमींच्या कपाळाला आठी पडते, आणि ती निम्मी अनाठायी आहे. प्लास्टिक हे एकच द्रव्य नव्हे. बादल्या आणि निळे पिंप बहुधा एचडीपीईचे असतात, तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असतो. पारदर्शक, हलक्या, कारबॉयच्या आकाराच्या बाटल्या पीईटीच्या असतात, त्यांवर १ असतो. ऑक्सिजन या दोहोंतूनही झिरपतो, परंतु एचडीपीईतून कित्येक पटींनी अधिक. सहा आठवड्यांत संपणाऱ्या किण्वनाला एचडीपीई पुरते. ऑक्टोबर ते मे अशा मुक्कामाला छोटी एचडीपीई बादली योग्य नव्हे. २०० लिटरच्या पिंपाची गोष्ट मात्र वेगळी. भांडे मोठे होत जाते तशी त्याच्या भिंतीच्या मानाने आतल्या द्रवाची मात्रा वाढत जाते, शिवाय पिंपाची भिंतही जाड असते, आणि त्यामुळे पश्चिम इंग्लंडमधल्या कित्येक लहान उत्पादकांचे उत्तम साइडर निळ्या पिंपातच हिवाळा काढते, गिऱ्हाइकांना दाखवायला पुढे ओकचे पिंप मांडलेले असले तरी.

पीईटीची बाटली घरगुती मापात काचेची खरी प्रतिस्पर्धी आहे: पडली तर फुटत नाही, लहानखुऱ्या माणसाला उचलता येते. तिचा दोष असा की उचलताना ती पिचकते, आणि पिचकून पूर्ववत होताना एअरलॉकमधले पाणी आत ओढून घेते. म्हणून हलवण्यापूर्वी एअरलॉक काढून घट्ट बूच बसवतात. आत ब्रश घालून घासणे हा मात्र प्लास्टिकच्या बाबतीत गुन्हाच, कारण प्रत्येक ओरखड्यात जिवाणूंची वस्ती होते. जुन्या पिंपात आधी काय होते हे विचारणे तर अनिवार्य. ऑलिव्ह किंवा व्हिनेगर भरलेले पिंप कितीही धुतले तरी झाकणाच्या रबरातून त्याची आठवण निघत राहते.

ओकचा मोह

लाकडी पिंपाबद्दल बोलताना साइडरची सारी परंपरा एका बाजूला उभी राहते. शेतमजुरांना मजुरीचा भाग म्हणून साइडर मिळे आणि ते शेतावर नेण्यासाठी 'कॉस्ट्रेल' नावाचे गळ्यात अडकवायचे छोटे लाकडी पिंपही सोबत असे. १८८७ च्या कायद्याने मजुरी साइडरच्या रूपात देण्यास बंदी आली. सरकारची नजरही पिंपावरच होती: १७६३ मध्ये इंग्लंडने साइडरवर हॉग्जहेडमागे, म्हणजे मोठ्या पिंपामागे, ४ शिलिंग कर बसवला, करवसुली अधिकाऱ्याला घरात शिरून पिंपे मोजण्याचा अधिकार दिला, आणि त्यावरून पश्चिमेच्या परगण्यांत एवढा क्षोभ उसळला की १७६६ मध्ये तो मागे घ्यावा लागला.

ओकच्या फळ्या हवा अगदी मंद गतीने आत सोडतात, आणि टॅनिनने भरलेल्या साइडरला ही मंद हवा मानवते. तुरटपणाची धार बोथट होते, रंग सोनेरी होतो. जिथे जन्मभर तीच पिंपे वापरली जातात, तिथे फळ्यांच्या आत जिवाणूंची आणि यीस्टची एक स्थायिक वसाहत असते आणि दर वर्षीचा रस तिच्या स्वाधीन केला जातो. स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात ओकऐवजी चेस्टनटच्या लाकडाची प्रचंड पिंपे आहेत, तिथे ॲसेटिक आम्लाची किंचित झाक दोष समजली जात नाही, आणि तिथल्या साइडर-संस्कृतीला २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थानही मिळाले.

हे सर्व खरे असूनही घरी वीस-तीस लिटर साइडर करणाऱ्याने पिंपाच्या नादी लागू नये, असेच म्हणावे लागते, आणि त्याचे कारण रोमँटिकपणाशी नव्हे, भूमितीशी निगडित आहे. २२५ लिटरचे पिंप त्याच आकारात एक-अष्टमांश, म्हणजे २८ लिटरचे केले, तर प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारे लाकूड दुप्पट होते. फळ्या पातळ असतात, म्हणून हवा त्याहूनही अधिक येते. मोठ्या पिंपात वर्षभरात जे सौम्यपणे घडते, ते छोट्यात तीन महिन्यांत उरकते आणि चौथ्या महिन्यात बिघडते. शिवाय लाकडातून द्रव उडून जातो, पातळी खाली येते, आणि दर महिन्याला ती भरून काढायला हाताशी राखीव साइडर लागते. म्हणजे पिंपासाठी बाटल्या घ्याव्याच लागतात.

जुन्या पिंपाचा बाजार मात्र मोठा आहे, आणि त्याला एक परदेशी कायदा कारण आहे. अमेरिकेत बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावी लागत असल्याने सुमारे २०० लिटरची पिंपे एकदा वापरून बाहेर पडतात आणि समुद्रापार जातात. असे पिंप दारात आले की वाळलेल्या फळ्यांतून पाणी झिरपताना दिसते. दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवल्यावर लाकूड फुगते, सांधे बसतात. नंतर पिंपाच्या तोंडाला नाक लावणे ही एकमेव भरवशाची परीक्षा. व्हॅनिला, जळके लाकूड, रमचा वास चालतो. शिरक्याचा, नेलपॉलिशचा किंवा बुरशीचा वास आला तर त्या पिंपाची कुंडी करून त्यात तुळस लावणे उत्तम. घोड्याच्या तबेल्यासारखा वास ब्रेटॅनोमायसीस नावाच्या यीस्टचा असतो, आणि त्याच्यावरून मतभेद आहेत. हेरफर्डशरच्या एखाद्या जुन्या पिणाऱ्याला तोच वास नसेल तर साइडर कच्चे वाटते.

पोलादाविषयी थोडक्यात

स्टेनलेस स्टीलचे भांडे घरी परवडू लागले ते शीतपेयांच्या पाकासाठी बनवलेल्या १९ लिटरच्या उभट केगमुळे. शीतपेयांच्या धंद्यात दुसरी व्यवस्था आल्यावर हे केग जुन्या बाजारात आले. झाकण रबरी कड्याने घट्ट बसते, आत कार्बन डायऑक्साइड भरून हवा हाकलता येते, आणि रिकाम्या जागेचा प्रश्न तिथे हवेऐवजी निरुपद्रवी वायूने सुटतो. तरंगत्या झाकणाच्या इटालियन टाक्या आणखी चतुर: झाकण द्रवावरच टेकते आणि कडेची हवा भरलेली नळी फुगवून ते भिंतीशी दाबले जाते, त्यामुळे टाकी अर्धी असली तरी भरलेलीच असते. ती नळी एखाद्या रात्री सावकाश बसते, हे मात्र त्या टाक्यांचे दुखणे. दाब दाखवणाऱ्या काट्याकडे रोज सकाळी पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. आणखी एक बारकावा असा की साइडर टिकवण्यासाठी घालतात त्या सल्फाइटचा वायू रिकाम्या जागेत साठून स्वस्त प्रतीच्या ३०४ पोलादाला द्रवाच्या पातळीच्या वर बारीक खड्डे पाडतो. घरगुती साइडरवाले हे सल्फाइट कॅम्पडेन गोळ्यांच्या रूपात वापरतात, गॅलनला एक गोळी, आणि त्या गोळीला नाव मिळाले आहे ते ग्लॉस्टरशरमधल्या चिपिंग कॅम्पडेन या गावाचे.

शेवटचे भांडे

मे महिन्यात हायड्रोमीटर १.००० च्या खाली स्थिरावला आणि बुडबुडे थांबले की बाटल्या भरतात. फेसाळ साइडर हवे असेल तर लिटरला ६ ग्रॅमच्या आसपास साखर घालून बूच बसवतात, आणि साक्यातून वर राहिलेली यीस्ट ती खाऊन वायू बाटलीतच सोडते. आता प्रश्न हवा आत येण्याचा नसून वायू बाहेर पडू न देण्याचा असतो, आणि त्याचा जुना इतिहास हेरफर्डशरमध्येच सापडतो. जहाजांसाठी लाकूड राखायचे म्हणून १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाने काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास मनाई केली; भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, अधिक तापल्या, आणि काळपट, जाड, मजबूत बाटल्या निघू लागल्या. होम लेसीचे लॉर्ड स्कुडामोर आपल्या रेडस्ट्रीक सफरचंदाचे साइडर बाटल्यांत ठेवत, आणि जॉन एव्हलिन यांनी १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'पोमोना'त अशा साइडरची सविस्तर चर्चा आहे. शँपेनशी ज्यांचे नाव जोडले जाते ते दों पेरिन्यों ओव्हिलेरच्या मठात पोचले ते यानंतर चार वर्षांनी.

सहा ग्रॅम साखरेचा दाब बिअरची जाड बाटली सहज पेलते. शँपेनच्या पद्धतीने चोवीस ग्रॅम घातले तर दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो आणि त्याला आत वळलेल्या तळाची जड बाटलीच लागते. चौकोनी, शोभेच्या बाटल्या कोपऱ्यातून तडकतात, त्या फक्त स्थिर साइडरसाठी. धीर सुटून साइडर १.०१० वरच बाटलीत भरले, तर लिटरला वीस ग्रॅमहून अधिक साखर न मोजताच आत गेलेली असते, आणि जूनच्या पहिल्या उन्हात शेडमध्ये आवाज होऊ लागतात. अशा अधीर माणसासाठी सोडावॉटरची प्लास्टिक बाटलीच बरी. ती दाबून पाहिली की आत काय चालले आहे ते अंगठ्याला कळते, आणि दगडासारखी टणक झाली की झाकण अर्धा आटा सैल करता येते.

रिकाम्या झालेल्या काचेच्या बाटल्या धुऊन, उपड्या वाळवून, तोंडाला कापसाचा बोळा लावून ऑक्टोबरपर्यंत माळ्यावर जातात. ज्याने हट्टाने पिंप घेतले असेल त्याला ते असे ठेवता येत नाही: लाकूड वाळले की सांधे उघडतात, ओले राहिले की बुरशी धरते. म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी तारेला टांगलेली गंधकाची पेटती वात आत सोडायची, बूच ठोकायचे, आणि निळसर धूर फटीतून कुठे निघतो का ते पाहत उभे राहायचे.